पान एकतीस, ओळ चौथी

उमेदवार क्रमांक सतरा. लिंग: स्त्री. वय: बावन्न वर्षे चार महिने. उंची: बेताची. दृष्टी: सदोष, चष्म्याने निर्दोष. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल शाईचा डाग, साबणाने न जाणारा. व्यवसाय: विद्यापीठाच्या मुद्रणालयात मुद्रितशोधक, रोजंदारीवर, सव्वीस वर्षे, सबब अनुभव तात्पुरता समजण्यात यावा. साहित्यिक योगदान: निरंक. उक्त उमेदवारास 'सर्जनशील लेखन व प्रकाशन' या द्विवर्षीय पदविका अभ्यासक्रमास प्रवेश देण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

एवढं वर्णन वाचून बाईंना ओळखता येईल, यात शंका नाही. फक्त योगदानाच्या रकान्याबद्दल थोडं बोलायला हवं. या सव्वीस वर्षांत विद्यापीठाने दोनशेच्या वर पुस्तकं काढली आणि त्यांतलं प्रत्येक बाईंच्या लाल पेनाखालून गेलं. पुस्तकात जे असतं ते लेखकाचं योगदान; जे असायचं राहून जातं ते बाईंचं. अशा योगदानाला अर्जात रकाना नसतो.

मुद्रणालयात त्यांना वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जिन्यातली 'थूंकू नये' ही सूचना, यांतलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याने पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी सात दुरुस्त्या करून परत पाठवलं होतं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाने तक्रार केली की काच बदलून द्यायची, एवढंच त्याला ठाऊक. त्याने पत्र स्वच्छ लिहून पुन्हा पाठवलं. संसार सुखाचा झाला.

पदविकेचं खूळ मुळात बाईंचं नव्हतं. विद्यापीठाने एके दिवशी 'मुद्रितशोधक' हे पदच रद्द केलं. आता संगणक स्वतः चुका दाखवतो, असं परिपत्रकात म्हटलं होतं. त्या परिपत्रकातल्या एकूण एक मराठी शब्दाखाली संगणकाने लाल रेघ मारली होती, विद्यापीठाच्या नावासकट. रद्द पदाच्या जागी 'संपादन सहायक' असं नवं पद आलं. पद कायमचं.

व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"काम तेच आहे बाई. टेबल तेच, खुर्ची तीच. फक्त कागद लागेल."

"कसला कागद?"

"वर तिसऱ्या मजल्यावर मिळतो. दोन वर्षं लागतात."

मुद्रणालय तळघरात होतं आणि सर्जनशील लेखन तिसऱ्या मजल्यावर. मध्ये हिशेबनीस आणि परीक्षा विभाग होते. बाईंच्या निवृत्तीला आठ वर्षं उरली होती. रोजंदारीवरचा माणूस आजारी पडत नाही, तो गैरहजर राहतो. कायम झालं की आजारी पडता येतं. या एका चैनीसाठी बाईंनी अर्ज भरला. अर्जाच्या छापील नमुन्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि तो खिडकीत दिला.

वर्गात खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असत. गोलात बसलं की लहानमोठा भेद मोडून पडतो, असं विभागप्रमुख सर म्हणत. सरांच्या खुर्चीला हात होते, बाकीच्यांना नव्हते. पहिल्या तासाला सगळ्यांनी डोळे मिटून आपल्या आतला आवाज ऐकायचा होता. बाईंनी मन लावून ऐकला. दहा मिनिटांनी सरांनी विचारलं, "काय ऐकू आलं?" एकाला समुद्र ऐकू आला होता, एकीला आजीचं मौन.

बाई म्हणाल्या, "खालचं दोन नंबरचं मशीन लंगडतंय सर. तेल संपलं असावं."

तेल संपलंच होतं. पण त्याला गुण नव्हते.

वर्गातली बाकीची मंडळी बाविशी-तेविशीतली. ती त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्या शेजारी बसायला भीत. एका मुलाने कवितेत 'मी एक दिन माणूस' असं लिहिलं होतं. बाईंनी हळूच सांगितलं, "दीनमधला दी दीर्घ असतो बरं का. हा दिन म्हणजे दिवस."

"तेच तर म्हणायचंय काकू," मुलगा म्हणाला. "हा माणूस दिवसासारखा आहे. उगवतो, मावळतो."

"वा!" सर म्हणाले. "याला म्हणतात शोध. बाई, तुम्ही भाषेचे पोलीस आहात. पोलिसांनी कविता लिहू नये असं नाही, पण आधी टोपी काढून ठेवावी."

सगळे हसले. बाईही हसल्या, कारण 'टोपी'ची वेलांटी सरांनी व्यवस्थित उच्चारली होती.

'माझं पहिलं दुःख' या विषयावर बाईंनी अकरा ओळी लिहिल्या. सरांनी खाली शेरा मारला, 'भाषा निर्दोष. त्यामुळे मृत.' हा शेरा बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवला.

"मग तुझं दुःख खरं होतं की नाही?" त्याने विचारलं.

"खरं होतं. पण विसर्ग जागच्या जागी होता ना, म्हणून पोचलं नाही."

आता या सरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच बेतलेलं आहे. सर कवी होते. संग्रह एकच, 'तहानेचा पत्ता', पंचवीस वर्षांपूर्वी विद्यापीठानेच काढलेला. पाचशे प्रतींची ती आवृत्ती अजून संपली नव्हती, यावरून तिचा दर्जा लक्षात यावा. या संग्रहातली पान एकतीसवरची कविता अशी सुरू होते:

अजून उजाडलं नाही
घागर जागी आहे
आई जागी आहे
नळाला घार आली

ही चौथी ओळ म्हणजे सरांची सगळी कारकीर्द. नळाला घार! रोजच्या पाण्याच्या जागी शिकारी पक्षी! एका समीक्षकाने लिहिलं की या ओळीने स्वयंपाकघराचं छप्पर उडवलं. दुसऱ्याने लिहिलं की घार ही आईच आहे. तिसऱ्याने दुसऱ्याचं खोडून काढलं आणि त्याला प्राध्यापकी मिळाली. त्या घारीवर चार जणांनी पीएच.डी. केली. विभागाचं बोधचिन्हसुद्धा नळावर बसलेली घार असं होतं. चित्रकाराला घार जमत नसल्यामुळे ते कबूतर झालं होतं, पण नळ हुबेहूब होता. विद्यार्थी पाठीमागे सरांना घारसर म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

ती घार कुठून आली हे ठाऊक असलेली दोनच माणसं आता हयात होती.

त्या काळी खिळे जुळवून छापत. लाकडी खणांतून एकेक शिशाचं अक्षर उचलायचं आणि पट्टीत ठेवायचं. जुळाऱ्याने नुकताच 'घागर'मधला घ उचलला होता. दोन ओळींनी ध हवा होता. हात सवयीने पुन्हा त्याच खणात गेला. 'नळाला धार आली' याची घार झाली. प्रूफ बाईंकडे आलं. नोकरीला लागून त्यांना वर्ष झालं होतं. त्यांच्याही घरी नळाला उजाडायच्या आधी धार येई, त्यामुळे डोळ्यांनी जे वाचलं ते धारच वाचलं. ज्याला भाषा येत नाही त्याच्या हातून ही चूक होत नाही. तो अक्षर वाचतो. बाईंनी अर्थ वाचला आणि 'छापण्यास हरकत नाही' अशी सही ठोकली.

पुस्तक आल्यावर कवी तरातरा तळघरात आले. तेव्हा ते तासिकेवर शिकवत आणि केस काळे होते. "माझी आई काय घारीला आंघोळ घालते का?" असं ते ओरडले, आणि कानकोंडं होऊन बाईंनी ऐकून घेतलं. पुस्तकात चिकटवायचं शुद्धिपत्र जुळायला घेतलं: पान एकतीस, ओळ चौथी, 'घार' ऐवजी 'धार' वाचावे. शुद्धिपत्र मशीनवर चढणार एवढ्यात रविवारच्या पुरवणीत ते छप्पर उडवणारं परीक्षण आलं. सोमवारी कवी पुन्हा आले. या वेळी जिना हळू उतरले.

"शुद्धिपत्र राहू द्या," म्हणाले. "उगाच कागद कशाला वाया घालवायचा."

तेव्हाचे व्यवस्थापक जाणकार होते. कवी गेल्यावर म्हणाले, "ध चा मा केला की माणूस जिवानिशी जातो. ध चा घ केला की प्राध्यापक होतो."

बाईंना हसू आलं नाही. छापलेली चूक दुरुस्त करायला प्रकाशनाच्या धंद्यात एकच जागा असते, पुढची आवृत्ती. बाई पुढच्या आवृत्तीची वाट पाहू लागल्या. गाठ कवितेच्या पुस्तकाशी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक पुस्तक संपादित करून दहा नमुना प्रती छापायच्या, आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची, असा नियम होता. त्यातच 'मुद्रितशोधन' या विषयाचे गुण होते. तिथे नापास म्हणजे पदविका नाही. सरांच्या मनात संग्रहाचा रौप्यमहोत्सव होता, आणि काम चोख हवं होतं.

"तुम्ही माझी दुसरी आवृत्ती करा बाई," सर म्हणाले. "तुमच्यासारखं काटेकोर माणूस मला कुठे मिळणार?"

पंचवीस वर्षांनी पुढची आवृत्ती आपल्या पायांनी चालत आली होती. बाई पुस्तक घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर पितळी नळ होता आणि त्यावर पितळी कबूतर.

"सर, पान एकतीस."

"सुंदर पान."

"चौथी ओळ. तिथे धार आहे."

"घार आहे."

"छापलीय घार. तुम्ही लिहिली होती धार."

"हस्तलिखित आहे तुमच्याकडे?"

"ते रद्दीत गेलं. पण सर, तुम्हीच आला होतात खाली. आंघोळीचं म्हणाला होतात."

सर उठले, दार लावलं आणि परत येऊन बसले. मग अगदी मायेने म्हणाले, "बाई, तो तरुण आता नाही. त्याने काय लिहिलं होतं ते त्याच्याबरोबर गेलं. कविता लिहून झाली की ती वाचकाची होते."

"आणि चूक झाली की?"

"ती परंपरेची होते."

"माझी होती सर. सही माझी आहे."

"अहो, चार लोकांनी पीएच.डी. केलीय त्या घारीवर! त्यांना काय सांगू, जुळाऱ्याचा हात चुकला?"

"एका खणाने चुकला. शेजारचा खण होता."

सरांनी चष्मा काढून पुसला. बाईंना तो ओळखीचा वाटला. दुकान नवऱ्याचंच होतं.

"हे बघा," सर म्हणाले, "तुम्हाला वरचं पद हवंय, मला ठाऊक आहे. मिळायलाही हवं. पुस्तक जसंच्या तसं छापा. काही करू नका. काही न करण्याचे पूर्ण गुण मिळतील अशी परीक्षा तुमच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही."

संध्याकाळी बाई दुकानात जाऊन बसल्या. नवरा एका म्हाताऱ्याला भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावत होता. म्हाताऱ्याने सहाव्या ओळीत घ म्हणून सांगितला, नवऱ्याने नंबर लिहून घेतला.

गिऱ्हाईक गेल्यावर बाईंनी विचारलं, "अहो, तो घ आहे की ध?"

"ध. सगळे घच म्हणतात."

"मग तुम्ही काय करता?"

"नंबर वाढवतो."

"ध आहे म्हणून सांगत नाही?"

"सांगून काय होणार? दिसायला हवं ना." त्याने तक्ता सरळ केला. "तुझ्या त्या सरांचं काय झालं?"

बाईंनी सांगितलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, मग राहू दे की घार. पंचवीस वर्षं बसलीय, कोणाला चावली?"

"चावली नाही."

"उरलेल्या सहा-सात वर्षांचा प्रश्न आहे. गुडघे दुखतात तुझे. रजा मिळेल हक्काची."

"मिळेल."

"एका अक्षरासाठी पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"नाही मारत," बाई म्हणाल्या. आणि त्या खरंच तसं म्हणाल्या, मनापासून.

मग प्रूफ आलं. पानं तीस झाली, एकतिसावं समोर आलं. बाईंनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. त्यांनी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. शिंक यावी तसा हात पुढे गेला; घ वर काट पडली, समासात ध उमटला. ध सुबक होता, डोक्यावरच्या वेढ्यासकट. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. खोडता आला असता; पांढरी शाई नव्हती असं नाही. पण स्वतःच्या हाताने बरोबर अक्षर खोडून चूक लिहायची, याचा त्यांना सराव नव्हता. संपादकीय टिपणात एक वाक्य घातलं: 'पहिल्या आवृत्तीतील मुद्रणदोष दुरुस्त केला आहे.' दोष. एकवचन. बाईंच्या मते एकच होता.

सरांनी प्रूफ पाहिलं नाही. आपल्या कविता ते पाठ म्हणत, त्यामुळे वाचायची वेळ येत नसे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी लांब टेबलाच्या एका बाजूला सर आणि बाहेरचे परीक्षक बसले, दुसऱ्या बाजूला बाई. बाहेरचे म्हणजे सरांचेच एक जुने विद्यार्थी. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यामुळे बाहेरचे झालेले. त्यांचा प्रबंध होता 'घरगुती अवकाशातील शिकारी पक्षी', पानं चारशे बारा, पक्षी एक. त्यांनी नमुना प्रत हातात घेऊन बांधणी पाहिली, कागद चिमटीत धरला, समास मापले आणि मान डोलावली. मग प्रेमाने पान एकतीस उघडलं.

त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हे काय आहे?"

"धार," बाई म्हणाल्या.

"इथे घार पाहिजे."

"छापली होती तशी. चूक होती ती."

"चूक?" परीक्षकांनी सरांकडे पाहिलं, सरांनी पाण्याच्या पेल्याकडे. "बाई, नळाला धार येते यात कविता कुठे आहे? नळाला धारच येते! कोणाच्याही नळाला येते!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आई उठते."

बाई सरांकडे पाहत होत्या. त्यांना फार काही नको होतं. 'हो, मी धार लिहिलं होतं,' एवढं सर म्हणाले असते तरी पंचवीस वर्षांचं हातावरचं ओझं उतरलं असतं. कागद मिळाला असता तर आणखी बरं.

सरांनी घसा साफ केला. "बाईंची नजरचूक झाली असावी. वय आहे, चष्मा आहे. घ आणि ध जवळचेच."

"नजरचूक माझीच आहे सर," बाई म्हणाल्या. "फक्त तेव्हाची. आताची नाही."

परीक्षकांना हे वाक्य कळलं नाही. उमेदवार गोंधळली आहे अशी त्यांनी नोंद केली. मुद्रितशोधनाचे गुण देताना ते कठोर झाले, कारण अख्ख्या पुस्तकात चूक एकच होती आणि ती नेमकी तिथे होती. शेरा असा: 'मांडणी उत्तम. परंतु विद्यार्थिनीस घ आणि ध यांतील फरक कळत नाही.' शंभरपैकी अठ्ठावीस. 'दिन माणूस' लिहिणारा मुलगा प्रथम श्रेणीत आला.

दुसरी आवृत्ती घारीसकट छापली गेली. बाईंच्या दहा प्रती परीक्षा विभागाच्या कपाटात सीलबंद आहेत. नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी त्यांचा लगदा होतो. बाईंनी नवऱ्याला निकाल सांगितला तेव्हा तो काच घासत होता. "आणि सर?" त्याने विचारलं. "म्हणाले, वय आहे, चष्मा आहे," बाई म्हणाल्या. त्याने काच उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासायला घेतली, आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आले की त्यांचा नंबर नीट तपासतो."

संपादन सहायकाच्या पदासाठी पात्र उमेदवार न मिळाल्याने पद रिक्त ठेवण्यात आलं. रिक्त पदाचं काम कोणीतरी करायला हवं म्हणून ते बाईंकडे सोपवण्यात आलं, रोजंदारीवर. त्या आठवड्यात पदविकेच्या निकालाची यादी छपाईसाठी तळघरात आली. क्रमांक सतरापुढे 'अनुतीर्ण' असं छापलेलं होतं. बाईंनी दुसरा त घातला आणि यादी मशीनवर पाठवली.